निर्व्यसनी माणसाचे यकृत

लग्नाच्या जाहिरातींनी मराठी भाषेतली जी काही विशेषणे जतन करून ठेवली आहेत, त्यांत 'निर्व्यसनी' या विशेषणाचा मान मोठा आहे. 'सुस्वरूप', 'सुशील', 'गृहकृत्यदक्ष' ही मंडळी काळाच्या ओघात मागे पडली; वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या जोडीला विवाहमंडळांची संकेतस्थळे आली; पण 'मुलगा निर्व्यसनी आहे' हे वाक्य आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही. त्याचा अर्थ आपल्या मध्यमवर्गीय घरांत अगदी ठरलेला आहे. दारू नाही, विडीकाडी नाही, तंबाखू नाही. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा, सणासुदीला पानात पडेल तितके गोड, सुटीच्या दिवशी बाहेरचे खाणे आणि उरलेला सारा वेळ खुर्चीत, यांतली एकही गोष्ट आपण व्यसनांत जमा करीत नाही. माझी तक्रार त्या शब्दाबद्दल नाही. त्या शब्दाच्या आडोशाला बसून आपण आपल्या यकृताविषयी जी निश्चिंती बाळगतो, तिच्याबद्दल आहे.

मराठी शिकविणाऱ्या माणसाने यकृताच्या भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण भाषेचेच आहे. आपण 'काळजाचा तुकडा' म्हणतो, 'काळजाला घरे पडली' म्हणतो, आणि ते म्हणताना हात छातीच्या डाव्या बाजूला नेतो. पण अमरकोशात 'कालखंड' आणि 'यकृत' हे समानार्थी शब्द म्हणून दिलेले आहेत, 'कालेय' हेही यकृताचेच एक नाव, आणि आपले काळीज त्याच कुळातले. हिंदीतला 'कलेजा' त्याचाच भाऊ. मटणाच्या दुकानात जाऊन कलेजी मागितली, तर दुकानदार बिनचूक यकृतच तोलून देतो. तो आपल्यापेक्षा व्युत्पत्तीला अधिक धरून असतो! सांगायचे इतकेच, की ज्याला आपण जन्मभर काळीज म्हणून गौरवितो, तो अवयव उजव्या बाजूला बरगड्यांखाली मुकाट्याने काम करीत असतो आणि त्याची आपल्याला दादही नसते.

दुसरे कारण घरचे आहे.

एक कुजबुज

आमच्या सौभाग्यवतींचे थोरले मामा बँकेत होते. वक्तशीर, हिशेबी, शाकाहारी, आणि अर्थातच निर्व्यसनी. पोट थोडे सुटलेले; पण ते आपल्याकडे सुखवस्तूपणाचे लक्षण समजतात. पन्नाशीच्या आसपास मधुमेह निघाला, त्याचीही घरात सवय होऊन गेली. एकदा सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असे आले होते; 'हल्ली सगळ्यांनाच असते' असे म्हणून तो कागद फाइलमध्ये गेला. सदुसष्टाव्या वर्षी भूक मंदावली, वजन उतरू लागले, आणि तपासणीत यकृताचा कर्करोग निघाला. आठ महिन्यांत सारे संपले.

तेराव्या दिवशी, जेवणाच्या पंक्ती उठल्यावर, लांबच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी आवाज उतरवून मला विचारले, "काही घेत होते का हो?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण तो प्रश्न दाराशी उभ्या असलेल्या मामींच्या कानांवर गेला. पुढे कित्येक महिने त्या माउलीच्या मनात एकच विचार घोळत राहिला : चाळीस वर्षांच्या संसारात यांनी आपल्यापासून काही लपविले तर नसेल? नवरा गेल्याचे दुःख एकीकडे, आणि हा संशय दुसरीकडे. शेवटी एके दिवशी त्यांनी मलाच विचारले, "तुम्ही शिकलेले आहात. न पिणाऱ्या माणसाचे लिव्हर असे जाते का हो, जावईबापू?"

या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नव्हते. मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंना गाठले. त्यांनी दोन-तीन पुस्तके हातांत ठेवली, काही शोधनिबंध वाचायला दिले, आणि अडेल तिथे स्टाफरूममध्ये समजावून सांगितले. त्या वाचनातून जे हाती लागले ते असे : होय, जाते. आणि ते ज्या रीतीने जाते, ती रीत फार विलक्षण आहे. तिथे बाहेरून चोर येत नाही. घराचे पहारेकरीच वर्षानुवर्षे जागरण करून बिथरतात.

दाह : मित्र आणि शत्रू

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. इंग्रजीत या प्रकाराला 'इन्फ्लमेशन' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी आग आहे. आपला 'दाह' हा शब्दही आगीचाच. वैद्यकाच्या पुस्तकांत 'शोथ' असेही म्हणतात. मी मात्र येथे 'दाह' हाच शब्द वापरतो, कारण पुढच्या साऱ्या कथेत ती आग लक्षात ठेवावी लागणार आहे.

ही आग कोण लावते? याचे उत्तर १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी मिळाले. एली मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथे समुद्रकाठी राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असता हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांच्या अंगात त्याने बागेतले बारीक काटे खुपसून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली! आगंतुकाला घेरून गिळून टाकणाऱ्या या पेशींना आपण भक्षकपेशी म्हणू. या कामाबद्दल मेचनिकॉफला १९०८ साली पॉल एर्लिखबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला ठाऊक आहे, की शरीरात अशा पहारेकऱ्यांची मोठी फौज असते. काही भक्षकपेशी जागोजागी ठाणे देऊन बसतात, तर टी-पेशी आणि बी-पेशी गस्त घालतात, शत्रूची ओळख लक्षात ठेवतात. रोगजंतूंप्रमाणेच बिघडलेल्या, कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या स्वतःच्या पेशीही त्या हेरून नष्ट करीत असतात.

तेव्हा दाह हा मुळात आपला मित्र. काटा निघाला, जंतू मेले, की पहारेकरी परततात, जखम भरते, आग विझते. घोटाळा होतो तो काटा निघतच नाही तेव्हा. मग ती आग भडकत नाही आणि विझतही नाही. एखाद्या बैराग्याच्या धुनीसारखी रात्रंदिवस धुमसत राहते. रुडॉल्फ विर्खो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८६३ सालीच असा कयास मांडला होता, की जिथे दीर्घकाळ दाह असतो तिथे कर्करोग उगवतो. पुढे १९८६ साली हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने कर्करोगाच्या गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' असे म्हटले. लठ्ठ माणसाच्या शरीरात हीच न विझणारी धुनी पेटलेली असते. पण तिथे काटा कोणता?

चरबीचे बोलणे

काटा म्हणजे चरबी. पूर्वी सर्वांचा समज असा होता, की चरबी म्हणजे शरीराची कणगी. पीक जास्त आले की भरून ठेवायचे, दुष्काळात काढायचे. १९९३ साली अमेरिकेत गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवून दिले, की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून 'टीएनएफ' नावाचे दाहाचे रसायन मोठ्या प्रमाणात तयार होते. म्हणजे ही कणगी मुकी नव्हती. ती बोलत होती, आणि जे बोलत होती ते आगीचे बोल होते. २००३ साली दोन वेगवेगळ्या संशोधकगटांनी याचे एक कारण शोधून काढले : लठ्ठपणात चरबीच्या थरांमध्ये भक्षकपेशींची दाटी होते. मेदपेशी भरून भरून इतक्या फुगतात, की त्यांतल्या काही गुदमरून मरतात. मेलेल्यांना उचलायला भक्षकपेशी येतात, कडे करून बसतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी रसायने सोडीत राहतात.

यांत पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी सर्वांत वाईट. आतड्यांकडचे रक्त एका मोठ्या शिरेतून थेट यकृतात जाते, आणि या चरबीतून निसटलेली मेदाम्ले नि दाहाची रसायने त्याच वाटेने यकृताच्या दारात येऊन पडतात. इन्सुलिनचा हुकूम शरीर नीट पाळेनासे होते. शिवाय जास्तीची साखर आली, की यकृत स्वतःच तिची चरबी बनवू लागते. गोडाने चरबी कशी वाढते, असे विचारणाऱ्यांना हे त्याचे उत्तर.

काळजातली धुनी

आता यकृताकडे वळू. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव आहे. दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त त्यातून वाहते. आतड्यांतून शोषलेले अन्न, औषधे, चुकून निसटलेले जंतू, सारे आधी या जकातनाक्यावर येते. म्हणून निसर्गाने इथे पहाराही कडक ठेवला आहे. यकृताच्या बारीक रक्तमार्गांच्या कडेने भक्षकपेशी कायम ठाणे देऊन असतात. कार्ल फॉन कुपफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली यकृतातल्या या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले, म्हणून त्यांना 'कुपफर पेशी' म्हणतात.

निरोगी यकृतात चरबी नावापुरती असते. ती पाच टक्क्यांच्या वर गेली, की डॉक्टर 'फॅटी लिव्हर' म्हणतात. नुसती चरबी साठली तर बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबते, हे आधीच सांगून टाकतो. वाचकांना घाबरविण्याचा माझा हेतू नाही. पण काहींच्या यकृतपेशी त्या चरबीच्या ओझ्याने जायबंदी होऊन मरू लागतात. मेलेल्या पेशी पाहून कुपफर पेशी धोक्याची घंटा वाजवितात. रक्तातून ताज्या दमाच्या भक्षकपेशी येतात. लठ्ठपणात आतड्यांचे अस्तरही थोडे सैल होते, त्यातून जंतूंचे विषारी अंश झिरपून येतात आणि घंटा आणखी जोराने वाजते. खाणे-पिणे रोजचे, त्यामुळे काटा रोज नवा. धुनी पेटते ती पेटतेच.

१९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुग्णांच्या यकृतांचे नमुने तपासून एक निबंध लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली ती यकृते सराईत दारूबाजांची वाटावीत अशी होती. रुग्ण मात्र दारूबाज नव्हते. त्यांतले बरेच स्थूल होते, काहींना मधुमेह होता. या निनावी रोगाला तेव्हा 'बिनदारूचा यकृतदाह' अशा अर्थाचे नाव मिळाले. म्हणजे रुग्ण काय पीत नाही, यावरून रोगाचे नाव! त्या नावातही आमच्या त्या गृहस्थांची कुजबुज ऐकू येते. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते बदलले. नवे नाव चयापचयाच्या बिघाडावरून दिले आहे; ते इतके लांबलचक आहे, की उच्चारता उच्चारता धाप लागावी. तथापि त्यात पिण्याचा उल्लेख नाही, ही न्यायाची गोष्ट झाली. मामींना मी लुडविगच्या त्या वीस रुग्णांची हकीकत सांगितली, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे हे खरेच बोलत होते."

पहारेकरी फिरतात तेव्हा

आता कर्करोग. यकृताला एक वरदान आहे : ते पुन्हा वाढते. दात्याने आपल्या यकृताचा मोठा भाग देऊन टाकला, तरी उरलेले काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत् मोठे होते. पण धुनी पेटलेल्या यकृतात हे वरदानच संकट होते. रोज पेशी मरतात, त्यांच्या जागी रोज नव्या जन्मतात. प्रत्येक जन्माच्या वेळी पेशीतल्या आनुवंशिक लेखाची नक्कल करावी लागते. मी उत्तरपत्रिका तपासणारा माणूस आहे. घाईत केलेल्या नकलेत काय चुका होतात, हे मला सांगावे लागत नाही. त्यातून ही नक्कल आगीच्या धगीत बसून करायची. दाहात तयार होणारी तिखट रसायने तो मूळ लेखच जागोजागी खराब करतात. अशा चुका साठत साठत एखादी पेशी बेबंद होते. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या मायकेल करिन यांच्या गटाने उंदरांवर दाखविले, की लठ्ठपणा टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ या दोन रसायनांच्या द्वारे यकृतातल्या गाठी वाढवितो. ती रसायने निकामी केली, की लठ्ठपणाचा हा जोर ओसरतो. बेबंद पेशीला ही रसायने 'जग, वाढ' असा निरोप देत असतात.

पण बेबंद पेशी हेरून मारायला टी-पेशी आहेत ना? इथेच या कथेतले सर्वांत विलक्षण प्रकरण येते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या संशोधनाने, विशेषतः उंदरांवरच्या आणि काही अंशी माणसांच्या यकृताच्या नमुन्यांवरच्या, तीन गोष्टी दाखविल्या आहेत.

पहिली : मारेकरी टी-पेशी चरबीने भरलेल्या यकृतात मोठ्या संख्येने जमतात, पण त्यांची विवेकबुद्धी जाते. २०२१ साली जर्मनीतल्या म्युनिक येथील शास्त्रज्ञांनी दाखविले, की या पेशी समोरच्याची ओळख न पटविताच यकृतपेशींना मारू लागतात. पहारेकऱ्याने ओळखपत्र न पाहता घरच्या माणसांवरच काठी चालवावी, तसा हा प्रकार. घरची माणसे मरतात, म्हणजे पुन्हा नवे जन्म, पुन्हा घाईची नक्कल.

दुसरी : या फौजेला ताळ्यावर ठेवणाऱ्या मदतनीस टी-पेशी मेदाच्या त्या वातावरणात तग धरीत नाहीत. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी हे उंदरांत दाखविले. या पेशी घटल्या, की कर्करोगाला रान मोकळे मिळते.

तिसरी : २०१७ साली करिन यांच्याच गटाला आढळले, की दीर्घ दाहामुळे यकृतात एका विशिष्ट जातीच्या बी-कुळातल्या पेशी जमतात, आणि त्या मारेकरी टी-पेशींना 'आता पुरे' असा इशारा देऊन थंड करतात. हा इशारा खरे म्हणजे सद्हेतूने दिलेला. आग आवरावी म्हणून. पण त्याचा फायदा गाठीला होतो.

सारांश, जिथे पहारा नको तिथे काठी चालते, आणि जिथे चोर शिरतो तिथे पहारेकरी पेंगत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला यकृतात पेशींची भली मोठी फौज दिसते. त्या फौजेचा उपयोग मात्र उलटा झालेला असतो.

याचा संबंध उपचारांशीही येतो. थंड पडलेल्या टी-पेशींचे लगाम सोडून त्यांना कर्करोगावर सोडण्याची विद्या जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांच्या संशोधनातून निघाली. २०१८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. २०२० सालापासून वाढलेल्या यकृत-कर्करोगावर अशा औषधांची जोडी वापरली जाऊ लागली आणि रुग्णांचे आयुष्य वाढले. पण २०२१ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी एक इशारा दिला : चरबीजन्य यकृतदाह असलेल्या उंदरांत लगाम सोडल्यावर टी-पेशींनी गाठीऐवजी यकृताचेच अधिक नुकसान केले. बिथरलेल्या पहारेकऱ्याला मोकळे सोडल्यावर दुसरे काय होणार? माणसांच्या बाबतीत हा वाद अजून मिटलेला नाही, आणि केवळ या कारणावरून कोणाला उपचार नाकारावेत असे डॉक्टर म्हणत नाहीत.

पुण्याचा एक फोटो

हे सारे अमेरिकेतल्या अवाढव्य लठ्ठ माणसांचे, असे म्हणून कोणी सुस्कारा सोडील. तिथले आकडे खरोखरच मोठे आहेत. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने नऊ लाखांहून अधिक लोकांवर सोळा वर्षे नजर ठेवून २००३ साली असे प्रसिद्ध केले, की अतिस्थूल पुरुषांत यकृताच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण नेहमीच्या वजनाच्या पुरुषांच्या सुमारे साडेचारपट होते. पण आपली गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला पुण्यातल्या एका डॉक्टरांचा फोटो पाहावा.

के. ई. एम. हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा शास्त्रज्ञ मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात आपला फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी एकच : २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय लोक हातापायांनी काटक्या आणि पोटाने गणपती. वजनकाट्याला फसविणारी चरबी आपण आत बाळगतो. म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच बरा मानतात. २०२१ साली भारत सरकारने यकृताच्या या विकाराचा समावेश मधुमेह-हृदयविकारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तेव्हा लोकसंख्येत त्याचे प्रमाण ९ ते ३२ टक्के असल्याचा अंदाज दिला होता. अगदी खालचा आकडा धरला, तरी दर अकरा माणसांत एक. तुमच्या-माझ्या घरच्या पंक्तीला कोणी ना कोणी असणारच.

अजून वेळ आहे

इतके वाचल्यावर हातातली चकली खाली ठेवावी की काय, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. खुशाल खा. दिवाळीच्या चार दिवसांनी कोणाचे यकृत गेलेले नाही. धुनीला जळण लागते ते उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांचे.

या कथेतली आशेची बाजू अशी, की ती फार सावकाश चालते. चरबी, दाह, मग यकृतात दोऱ्यांसारखी पडत जाणारी व्रणांची जाळी, मग सिऱ्हॉसिस, मग कर्करोग, हा प्रवास बहुधा दहा-वीस वर्षांचा असतो आणि बहुतेकजण वाटेतच थांबतात. मात्र याही रोगाची एक लबाडी आहे : काहींच्या बाबतीत सिऱ्हॉसिसचे ठाणे न घेताच तो थेट कर्करोगाला पोहोचतो. तेव्हा 'सिऱ्हॉसिस नाही ना, मग झाले' असे म्हणून चालत नाही.

वाटेतून मागेही फिरता येते. २०१५ साली क्यूबातल्या डॉक्टरांनी २९३ रुग्णांना वर्षभर खाण्यापिण्याचे आणि व्यायामाचे नियम लावून पाहिले. ज्यांनी आपल्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा अधिक घटविला, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांचा यकृतदाह निवळला, आणि ४५ टक्क्यांची व्रणांची जाळीही मागे हटली. वजन ऐंशी किलो असेल तर आठ किलो, इतकाच हा हिशेब. जळण मिळेनासे झाले, की धुनी विझते. औषधेही आता येऊ लागली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विकारावर २०२४ साली रेस्मेटिरोम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड यांना मान्यता दिली. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची. शेजाऱ्याला गुण आला म्हणून नव्हे.

मधुमेह असलेल्यांनी आणि पोट सुटलेल्यांनी 'ग्रेड वन'चा कागद फाइलमध्ये घालण्यापूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : "यकृतात व्रण पडू लागले आहेत का?" वय, रक्तातली दोन विकरे आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून त्याचा पहिला अंदाज करता येतो, शंका आली तर यकृताचा कडकपणा मोजणारे यंत्र आहे, आणि त्यात सुई टोचावी लागत नाही. नुसता एसजीपीटीचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये. कावीळ-बी आणि कावीळ-सी हीदेखील या कर्करोगाची मोठी कारणे आहेत; पहिलीवर लस आहे, दुसरीवर गोळ्यांनी बरे करणारे उपचार आहेत. आणि यकृतात चरबी असताना दारूचा थेंबही तेल ओतल्यासारखाच. त्या बाबतीत आपले वाडवडील जे सांगत आले, त्यात खोट काढण्याजोगे काही नाही.

सर्वांत अवघड काम औषधांचे नाही. घरच्या पद्धतीचे आहे. 'अजून एक घ्या' म्हणणे हा आपला आग्रह, 'अंगाने भरला' म्हणणे ही आपली प्रशंसा, आणि रात्रीच्या जेवणानंतर शतपावली टाळणे ही आपली प्रतिष्ठा. यजमानीणबाईंनी दुसऱ्यांदा वाढायला आणलेले भांडे एकदा परत नेले, तर त्यात आदरातिथ्य कमी होत नाही, हे आपण एकमेकांना सांगू लागलो पाहिजे. दहावा हिस्सा वजन एकट्याने उतरविणे कठीण असते. घर बरोबर असले म्हणजे ते साधते.

आणि ती कुजबुज? ती थांबविणे तर कोणाच्याही हाती आहे. यकृताच्या दुखण्याने कोणी गेल्याचे कळले, तर आवाज उतरवून काही विचारू नये. आणि कोणी विचारलेच, तर आवाज चढवून सांगावे, की यकृत न पिताही जाते. तेवढे ऐकून विचारणाऱ्याचा हात आपल्याच सुटलेल्या पोटाकडे गेला, तर सांगितल्याचे सार्थक झाले म्हणायचे.